मेकअपच्या टिप्स छापताय तर कोल्हापूरच्या ऊन-पावसाच्या छापा

संपादक साहेब, नमस्कार,

लग्नसराई आली की तुमच्या पुरवणीत मेकअपवर एक पान असतंच, ते मी आवडीनं वाचते, आणि माझ्याकडं येणाऱ्या मुली पण वाचतात, मोबाईलवर फोटो काढून आणतात, ताई हे असं करा म्हणून. म्हणून हे पत्र. मंगळवार पेठेत घरातच माझं पार्लर आहे, बरीच वर्षं नवऱ्या नटवतेय, शहरातल्या आणि कागल, राधानगरी, गडहिंग्लज बाजूच्या पण. तुमच्या त्या पानावर काय काय विकत घ्यायचं ते सगळं असतं, फाउंडेशनच्या आधी लावायचा प्राइमर घ्या, हायलायटर घ्या, अमुक पॅलेट घ्या, पण ते कुठल्या कातडीवर, कसल्या उजेडात आणि किती वाजता लावायचं याची एक ओळ नसते. सगळा खेळ तिथंच आहे ओ. वस्तू महागाची का स्वस्तातली यानं फरक पडतो, नाही म्हणत नाही, पण तो सगळ्यात शेवटी.

पहिलं गोरं करायचं खूळ. "ताई, जरा उजळ करा की, फोटोत काळी दिसतोय मी," हे नवरी नाही म्हणाली तर तिची आत्या म्हणते, आत्या नाही म्हणाली तर मागं खुर्चीत बसलेली कुणीतरी म्हणतेच. आणि मग पार्लरवाल्या पण गिऱ्हाईक नाराज नको म्हणून दोन शेड वरचं फाउंडेशन फासतात. सावळ्या कातडीवर फिकं फाउंडेशन लावलं की ती गोरी होत नाही, राखाडी होते, चुना मारलेल्या भिंतीसारखं तोंड आणि खाली मान वेगळीच. हार घालायला नवरी हात वर करते ना, तो फोटो बघा कुठल्याही अल्बममधला, हात आणि तोंड एकाच बाईचं वाटत नाही.

शेड बघायची ती जबड्याच्या कडेला, जिथं गाल संपून मान सुरू होते तिथं. हाताच्या पाठीवर नाही. दुकानात सगळ्याजणी हातावरच लावून बघतात, पण गाडी चालवून हात रापलेला असतो, त्याचा आणि तोंडाचा काय संबंध. जबड्यावर तीन शेडच्या तीन रेघा ओढायच्या, दुकानाच्या बाहेर उजेडात यायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, चहा घ्या तोवर, कारण चेहऱ्याच्या तेलात मिसळून आणि हवा लागून बरीचशी फाउंडेशनं जराशी गडद होतात. त्यानंतर जी रेघ दिसेनाशी झाली ती तुमची शेड. आपल्याकडं बऱ्याच जणींचं कपाळ आणि ओठांच्या आजूबाजूचा भाग गालापेक्षा काळपट असतो, तेव्हा एकच शेड सगळीकडं चालत नाही, दोन घेऊन कडेला गडद आणि मधे जराशी हलकी अशी मिसळावी लागते, पण दोन्ही मानेशी जुळणाऱ्याच. आणि आपल्या कातडीत आत पिवळट किंवा हिरवट झाक असते बहुतेक करून, त्यावर गुलाबी झाकेचं फाउंडेशन लावलं की मेलं जांभळट दिसतं. बाटलीवर वॉर्म, न्यूट्रल, कूल असं काहीतरी लिहिलेलं असतं ते नुसतं वाचून घेऊ नका, जबड्यावर लावूनच बघा.

आता उजेड. कार्यालयात काय होतं, खिडकीची चांगली खोली वरपक्षाला जाते आणि नवरीच्या खोलीत एक पिवळा बल्ब. पिवळ्या उजेडात लाल-गुलाबी रंग दबतो, मग ब्लश दिसत नाही म्हणून अजून लाव, अजून लाव, आणि मांडवात आल्यावर कळतं की गाल तमाशातल्या सोंगाड्याचे झालेत. मी जाताना बॅगेत पांढऱ्या उजेडाचा चार्जिंगचा दिवा घेऊन जाते, पण दिवस असेल तर खिडकीकडं तोंड करून बसवणं हेच बेस्ट. पाठ खिडकीकडं आणि तोंड आरशाकडं असं बसवतात ते उलटं आहे, तोंडावर सावली पडते. शेवटचा हात मारायच्या आधी नवरीला दारात उभी करायची आणि मोबाईलवर फ्लॅश मारून एक फोटो काढायचा. याचं कारण असं की झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइडवाली सनस्क्रीन जास्त झाली किंवा ती पांढरी बारीक सिलिका पावडर झटकली नाही, तर आरशात काही कळत नाही पण फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली आणि नाकावर पांढरे डाग उठतात. खोलीत कळलं तर ब्रशनं झटकता येतं, अल्बम आल्यावर कळून काय उपयोग.

हळद. याच्यावर पुरवणीत कधी काही वाचलं नाही मी, आणि आमच्याकडं तर हाच मोठा विषय. गावाकडच्या लग्नात हळद आणि अक्षता एकाच दिवशी, सकाळी हळद, दुपारी साडेबाराच्या आसपास मुहूर्त. म्हणजे नवरी माझ्यासमोर बसते ती पिवळीजर्द होऊन. न्हाणीत नेऊन कुणीतरी मावशी साबण लावून घासते, आणि हळदीचा डाग साबण लागला की लालसर होतो, मग आणखी घाबरून आणखी घासतात, आणि आधीच थ्रेडिंग-ब्लीच केलेली कातडी, ती आग आग होते. लाल होण्यात घाबरण्यासारखं काही नाही, हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, साबण अल्कलीच, आणि जुन्या पद्धतीचं हळदीचं कुंकू चुना घालून करतात ते याच गुणावर. पण तो रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून साबण आधी नाहीच. कापूस खोबरेल तेलात भिजवून तोंड, मान, कानामागं आणि केसांच्या कडेनं हलक्या हातानं फिरवायचा, दोन मिनिटं तसंच ठेवायचं, मऊ ओल्या फडक्यानं टिपून घ्यायचं, कापूस पिवळा यायचा थांबेपर्यंत परत तेच, आणि मग सौम्य फेसवॉश. तेल धुऊन निघालं पाहिजे हं, नाहीतर वरचा मेकअप तासाभरात घसरतो.

त्याच्याही आधी, हळद लावायच्या अगोदर, तोंडाला आणि केसांच्या कडेला तेलाचा पातळ हात फिरवून ठेवला तर निम्मं काम वाचतं. करवल्यांना आधी सांगून ठेवायचं की तोंडाला जरा बेतानं लावा, पायाला-हाताला काय हौस करायची ती करा. ऐकत नाहीत, पण सांगायचं. एवढं करून थोडी पिवळी झाक राहतेच, राहू दे. त्या पिवळ्या तोंडाला बघून फाउंडेशनची शेड ठरवायची नाही, शेड आठ दिवस आधी साध्या तोंडावर ठरवून बाटलीवर नाव लिहून ठेवायची. आणि ब्लीच, वॅक्स, थ्रेडिंग हे हळदीच्या आदल्या दिवशी करू नका, तीन-चार दिवस तरी मधे जाऊ द्या.

घामाचं बघा. मे महिना, पत्र्याचा मांडव, शेजारी चुलाण पेटलेलं, आणि नवरी नऊवारीत. तिथं जाड थर टिकत नाही, पातळ टिकतो. मॉइश्चरायझर लावून पाच मिनिटं मुरू द्यायचं, लगेच त्यावर काही चढवायचं नाही. स्पंज पाण्यात भिजवून गच्च पिळून घ्यायचा आणि दाबत दाबत लावायचं, ओढायचं नाही. जिथं डाग आहे तिथं परत एक हात, सगळीकडं नाही. प्राइमर सिलिकॉनचा आणि फाउंडेशन पाण्याचं असं असेल तर कधी कधी वर गोळ्या सुटतात, तेव्हा दोन्ही एकाच जातीची घ्या किंवा प्राइमर सोडून द्या, काही बिघडत नाही, आधीच्या पिढीतल्या नवऱ्या काय प्राइमर लावून उभ्या राहिल्या नव्हत्या. घाम आला की त्यावर कॉम्पॅक्ट थापायची सवय फार वाईट, आधी टिश्यू दाबून घाम टिपायचा, तो वाळला की मग पावडर, नाहीतर चिखल होतो. मुंडावळ्या बांधायची जागा, म्हणजे कानशिलं आणि कपाळाची कड, तिथं अगदी कमी लावते मी, कारण दोरी घासून ते निघणारच आणि पट्टे दिसणार. नथ दाबाची असेल तर ती शेवटी घालायची आणि नाकाच्या त्या पाळीवर काही लावायचं नाही, घसरते.

जरा वेगळं सांगते. कोल्हापूरला रंगरंगोटी काय नवीन नाही. शाहू महाराजांनी 1915 साली पॅलेस थिएटर बांधलं, तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं, 2024 च्या आगीत ते जळालं तेव्हा अख्खं गाव हळहळलं. मूकपटवाल्या बाबूराव पेंटरांपासून इथं सिनेमाचे स्टुडिओ होते, नंतर जयप्रभा स्टुडिओ. ब्लॅक अँड व्हाइटच्या सुरुवातीच्या काळातल्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही म्हणे, काळा यायचा, त्यामुळं तेव्हाच्या रंगभूषाकारांना रंगांचा वेगळाच हिशोब मांडायला लागायचा. तर सांगायचं काय, इथं रंगभूषेचा हात तयार झाला तो स्टेजवर आणि कॅमेऱ्यापुढं, आणि अजून कितीतरी पार्लरमध्ये नवरीला तोच हात मारतात. स्टेजवरचं तोंड पंधराव्या रांगेतून बघायचं असतं, वर दिव्यांचा झोत असतो, तिथं डोळ्याची रेघ बोटभर जाड लागतेच. नवरीचं तोंड ओटी भरणारी बाई हातभर अंतरावरून बघते. शाळेच्या गॅदरिंगला लावणीतल्या पोरींना जे करता ते मांडवात करू नका एवढंच.

डोळ्यांखालचं काळं. त्यावर फिकं कन्सीलर थापलं की ते राखाडी होतं, हे मी किती वेळा सांगितलंय त्याचा हिशोब नाही. तिथली कातडी निळसर-तपकिरी असते, निळ्याला कापणारा रंग नारिंगी, म्हणून आधी पीच किंवा नारिंगी करेक्टर अगदी मुगाएवढा, बोटानं थोपटून, फक्त काळ्या जागेवर, आणि त्यावर कातडीच्या शेडचं कन्सीलर. गोऱ्या मुलीला पीच पुरतं, सावळीला भडक नारिंगीच लागतं, डबीत बघून भीती वाटते पण लावल्यावर जिरतं. मुली व्हिडिओ बघून लाल लिपस्टिक वापरतात डोळ्याखाली, मी नाही वापरत, ओठाची वस्तू डोळ्यापाशी नको.

काजळ पसरतं म्हणून सगळ्यांची तक्रार. पापणीच्या कडेला आधी टिश्यू लावून तेल टिपून घ्या, काजळ ओढा आणि त्याच्या बाहेरच्या कडेवर काळ्या किंवा तपकिरी आयशॅडोचा बारीक ब्रश दाबत न्या, पावडर त्याला धरून ठेवते. बिनलेबलचा सुरमा किंवा कुठून तरी आणलेलं काजळ मात्र नको, काही सुरम्यांत शिसं असतं, लहान बाळांना तर मुळीच घालू नका, आजी रागावली तरी. मस्कारा उघडल्यावर तीन महिन्यांत टाकून द्यायचा, कितीही उरला असला तरी. डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र असतं आणि त्यात 6 एम, 12 एम असं लिहिलेलं असतं, ते उघडल्यापासूनचे महिने, एक्सपायरी वेगळी. माझ्याकडच्या निम्म्या मुलींना ते चित्र कशाचं हे माहीत नव्हतं. पाठवणीला रडू येणारच, वॉटरप्रूफ लावलेलं असतंय, तरी पदरानं पुसू नका, रुमालाचं टोक डोळ्याखाली नुसतं धरा, पाणी तिथंच शोषून जातं.

टिकलीबद्दल लिहायचंच होतं. कपाळावर मधोमध पांढरा डाग घेऊन बायका येतात आणि म्हणतात तो तेवढा फाउंडेशननं झाका. टिकलीच्या डिंकात पीटीबीपी म्हणून एक केमिकल असू शकतं, त्यानं काहीजणींच्या कातडीचा रंगच जातो, आधी खाज येते, मग डाग. खाज सुटली की त्याच दिवशी टिकली बंद करायची, जागा बदलून दुसरीकडं लावायची नाही, आणि कातडीच्या डॉक्टरला दाखवायचं. रात्री झोपताना तर काढाच, आरशाला चिकटवून ठेवायची आपली जुनी सवय आहे ती चांगलीच आहे. नवरीला मी चंद्रकोर काढते ती मेण लावून वर पिंजर, आमच्या आज्ज्या करायच्या तसं, दिवसभर हलत नाही. फक्त पिंजर कुठली ते बघा, स्वस्त कुंकवात नुसता रंग असतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस बघायचं. काळ्या मेंदीच्या कोनाला पण हेच, ती काळी होते ती बहुतेक पीपीडी नावाच्या केसांच्या डायमधल्या केमिकलनं, हातावर फोड उठलेली नवरी बघवत नाही.

आणि ती क्रीमं. बिनलेबलच्या डबीतली, "पंधरा दिवसांत फरक" वाली, कुणी मैत्रिणीनं दिलेली. लग्नाच्या महिनाभर आधी मुली ती लावायला सुरू करतात आणि सुरुवातीला खरंच उजळतात, म्हणून तर विश्वास बसतो. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, मग कातडी पातळ होते, पुरळ उठतं, गालावर लव येते, आणि बंद केलं की तोंड लालभडक होऊन जळजळतं. काहींत पारा पण सापडतो, तो मूत्रपिंडावर जातो. असल्या तोंडावर कुठलाच मेकअप बसत नाही साहेब, कितीही हात मारा. डबीवर उत्पादकाचा लायसन्स नंबर, बॅच, तारीख नसेल तर ती घेऊ नका, आणि आधीपासून लावत असाल तर मनानं बंद पण करू नका, डॉक्टरला दाखवून बंद करा.

वरमाईकडं कुणाचं लक्ष नसतं. सगळं आवरून शेवटी दहा मिनिटं उरतात तेव्हा ती येऊन बसते, "माझं काय ओ, नुसती पावडर लावा." तिला तोंडभर पावडर लावायची नाही. पन्नाशीनंतर कातडी कोरडी होते, पावडर सुरकुत्यांत बसून त्या ठळक दिसतात. मॉइश्चरायझर सढळ हातानं, फाउंडेशन फक्त तोंडाच्या मधल्या भागावर पातळ, क्रीमचा ब्लश बोटानं, पावडर नाकावर आणि हनुवटीवर तेवढी. भुवया काळ्या पेन्सिलीनं नाही, तपकिरी आयशॅडोनं, नाहीतर चेहरा चिडका दिसतो. लिपस्टिक मरून किंवा विटकरी, आणि ती बाहेर पसरू नये म्हणून आधी त्याच रंगाच्या पेन्सिलीची कड. ती एकदा टिश्यूनं टिपून परत लावली की जेवणाची पंगत उठेपर्यंत राहते. एवढं केलं की घरचे म्हणतात आईला काय केलंस, ओळखू येईना.

रोज ऑफिसला स्कूटीवरून जाणाऱ्या मुलींसाठी थोडक्यात. स्कार्फ बांधणार असाल तर फाउंडेशन लावूच नका, ते स्कार्फलाच लागतं, सनस्क्रीन लावा, दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढाल तेवढी तोंडाला आणि मानेला, त्यापेक्षा कमी लावून काही होत नाही. पावसाळ्यात ढग असले तरी. स्कार्फ आठवड्यातून दोनदा धुवा, निम्म्या मुरमांचं कारण तो असतोय. स्पंज आणि ब्रश पण धुवा, साधा साबण चालतो, ओला स्पंज डबीत बंद करून ठेवलात तर बुरशी धरते, आणि आपल्याकडं जुलै-ऑगस्टात तर काहीच वाळत नाही, तेव्हा पंख्याखाली ठेवा.

रात्री काढताना घासू नका, आधी तेल, मग फेसवॉश. केसातल्या पिना काढायच्या आधीच तोंडाचं उरकून घ्या, कारण पिना काढता काढता मुली तशाच झोपी जातात.

आता माझी मागणी. पुरवणीच्या त्या पानावर दरवेळी गोऱ्यापान मॉडेलचा फोटो असतो आणि तोच घेऊन सावळ्या मुली माझ्यासमोर बसतात. एकदा तरी आपल्या इथल्या सावळ्या नवरीचा फोटो छापा, दिवसाच्या उजेडातला, एडिट न केलेला, आणि खाली कुठली शेड वापरली ते लिहा. कात्रण कापून पार्लरच्या आरशाला लावते, आत्यांना दाखवायला बरं पडेल.

आपली,
एक वाचक आणि ब्युटीशियन,
मंगळवार पेठ, कोल्हापूर